अडीच वाकळांची थंडी

मार्गशीर्ष लागला की आमच्या सोप्यातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडे उमटायला लागतात. १॥, १॥।, २, २।. म्हणजे दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन. रोज एक चौकोन, रोज एक आकडा. २००८ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मला तो दुधाचा हिशेब वाटला. डेअरीचं पुस्तक शेजारी घेऊन ताडून बघितलं, तर एक आकडा जुळेल तर शपथ. चार दिवस वाट बघितली आणि मग मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या कानावर घातलं की दुधात घोळ दिसतोय.

मामा म्हणाले, "दुधाचं न्हाय गं पोरी ते. थंडी हाय ती."

आमच्या घरात थंडी वाकळांत मोजतात. पुण्याकडं जिला गोधडी म्हणतात ती आमची वाकळ. रात्री सोप्यात मामा एक वाकळ घेऊन झोपतात. गार लागलं की दुसरी ओढतात, त्याहून लागलं की तिसरी. पहाटे पाचला जाग येईल तेव्हा अंगावर जेवढं असेल तेवढी त्या दिवसाची थंडी. नुसती पायावर घडी घातलेली असेल तर पाव, कमरेपर्यंत असेल तर अर्धी, गळ्यापर्यंत असून डोकं बाहेर असेल तर पाऊण, आणि डोक्यावरनं घेतली की पुरी. ज्या दिवशी कॅलेंडरवर २॥ लिहिलेलं असतं, त्या दिवशी दोन वाकळा डोक्यावरनं आणि तिसरी कमरेपर्यंत. यापेक्षा चोख माप मी कुठं बघितलेलं नाही. अंश सेल्सिअस ऐकून कुणाला हुडहुडी भरत नाही, 'अडीच वाकळा' म्हटलं की भरते.

या कामाच्या तीन वाकळा वेगळ्या आहेत. थोरल्या आईनं, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंनी, एकाच हिवाळ्यात शिवलेल्या. वरखाली नऊवारी लुगडी, आत जुनी धोतरं, आणि टाके एवढे जवळ की त्यात बोट शिरायचं नाही. त्या दांडीवर सगळ्यात कडेला असतात आणि पाहुण्याला दिल्या जात नाहीत. जाऊबाईंच्या माहेरची सात माणसं एकदा मुक्कामाला आली, अंथरूण-पांघरूण कमी पडलं, ह्यांनी सतरंजी पांघरून रात्र काढली, पण मापाच्या वाकळा दांडीवरनं हलल्या नाहीत. घोंगडं या हिशेबात धरत नाहीत. मामांच्या मते एक घोंगडं म्हणजे दीड वाकळ, आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मते सव्वा. हा वाद माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे, म्हणून घोंगडंच बाद.

एका दिवाळीत आत्यांनी घरातली सगळी धुणी ओढ्यावर नेली आणि त्यात या तीन वाकळाही गेल्या. दगडावर आपटून आपटून स्वच्छ केल्या आणि वाळवून आणल्या. मामांनी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला. हलकी झाली होती. कडेचा टाका उसवून आतल्या धोतराचा गोळा एका कोपऱ्यात गेला होता. "आता मागचं सगळं आकडं वाया," एवढंच म्हणाले आणि ताणकाटा आणायला गेले. तिन्ही वाकळा काट्याला लावल्या, तिन्हींचं वजन वेगवेगळं. मग तीन दुपारी थोरली आई, जाऊबाई आणि मी अंगणात उन्हाला बसून त्या उसवल्या, चिंध्या पसरल्या, कमी होतं तिथं भर घातली, पुन्हा टाके घातले. थोरल्या आईला सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो माझी थोरली पोरगी ओवून द्यायची. मामा दर तासाला काटा घेऊन यायचे. शेवटी तिन्ही सारख्या भरल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना चहा करायला लावला आणि स्वतः गुळाचा खडा आणून दिला. त्या दुपारी मला फार आवडल्या होत्या. कार्तिकातलं ऊन पाठीवर घेऊन वाकळ शिवायला बसलं की उठावंसं वाटत नाही.

आता खेळ सांगते. कारण नुसतं मोजण्यावर कुणाचं भागत नाही.

रात्रीची जेवणं झाली की गोठ्यासमोर आगटी पेटते. शेणी, तुराट्या, मक्याची बुरकुंडं, जे असेल ते. घरातली नऊ माणसं आगटीभोवती बसतात, शनिवारी पुण्याहून भावजी आले की दहा. प्रत्येकानं उद्याच्या थंडीचा आकडा सांगायचा. एकानं सांगितलेला आकडा दुसऱ्यानं घ्यायचा नाही. पहाटे मामा निकाल देतात. ज्याचा आकडा सगळ्यात जवळ, त्याला पहिली आंघोळ. ज्याचा सगळ्यात लांब, त्यानं उठून बंब पेटवायचा.

एका तांब्याच्या बंबावर नऊ आंघोळी काढायच्या म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी बंब आहे त्यांनाच कळेल. पहिल्याला कढत पाणी मिळतं. मग एक बादली काढली की एक बादली गार ओतायची, आणि पाचव्या-सहाव्या माणसापर्यंत आच कमी झालेली असते, जळण संपलेलं असतं आणि शाळेची वेळ झालेली असते. 'मी कालच शेवटची होते', 'मग परवा कोण होतं', 'त्यानं तीन बादल्या घेतल्या' अशी भांडणं पूर्वी रोज व्हायची म्हणे. खेळ सुरू झाल्यापासून भांडणं रात्रीच होतात, आगटीवर, आणि सकाळी घर शांत असतं.

आकडा सांगायची प्रत्येकाची रीत वेगळी. हे आभाळ बघतात. रात्री चांदण्या लखलखीत असल्या आणि वारं पडलं की थंडी वाढते, कारण जमिनीची ऊब वर निघून जाते. ढग आलं की तेच ढग पांघरुणासारखं होतं आणि थंडी हटते. पण ढग आलेलं आमच्याकडं कुणालाच आवडत नाही, कारण त्यानं ज्वारीवर चिकटा पडतो. माझी थोरली चौदा वर्षांची आहे, ती मोबाईलवर बघते आणि त्या अंशांचं वाकळांत रूपांतर करते, तिची वहीच आहे. जाऊबाई सकाळी विहिरीकडं बघून येतात. विहिरीचं पाणी बारा महिने साधारण एकसारखं असतं, बाहेरची हवा जेवढी गार तेवढी त्याच्यावर वाफ दाट. मी पहिली काही वर्षं खोबरेलाच्या बाटलीकडं बघून सांगायची. मामांनीच एकदा समजावलं की खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायलाच लागतं, ते कार्तिकातच हात टेकतं, पौषातलं त्याला काय कळणार.

आणि थोरली आई. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. ती कुत्र्याकडं बघते. आमचा खंड्या आगटीच्या कडेला बसला तर पावणेदोन, अंगाचं मुटकुळं केलं तर दोन, आणि विझलेल्या आगटीच्या गरम राखेत शिरला तर अडीच. तिला बंब पेटवायची शिक्षा नाही, वयामुळं. तशी ती देण्याची वेळही फारशी आली नसती.

माझं माहेर सांगलीकडं, ब्रह्मनाळच्या खाली, कृष्णाकाठी. आमच्या गावावरनं जाणारी येरळा तिथंच कृष्णेला मिळते, त्यामुळं इथनं निघालेलं पाणी माझ्या आईच्या दारावरनं जातं असं मी पोरांना सांगते. पण तिथली थंडी वेगळी. नदीवर दाट धुकं, उसाची रानं, ओली थंडी. अंगावर आणखी एक पांघरूण घेतलं तरी ती आत शिरते. हिवाळा म्हटलं की मला तिथला रस्ता आठवतो. कारखाने सुरू झालेले असतात, उसाच्या ट्रॉल्या चढाला लागल्या की आम्ही पोरं मागनं पळत जाऊन कांडं ओढायचो. गुऱ्हाळावर चुलवाणाशेजारी बसायचं, गुळव्यानं काहिलीतली गरम काकवी वाटीत दिली की ती फुंकत फुंकत चाटायची. आण्णांना, माझ्या वडिलांना, या वाकळांच्या खेळाबद्दल मी फोनवर सांगितलं तेव्हापासून तेही खेळात आहेत. रोज आठ वाजता फोन येतो. "तुमच्याकडं आज किती पडतीया?" आण्णा कायम 'दोन' म्हणतात, जणू दोन हा आकडा त्यांच्या नावावर सात-बाऱ्याला लागलाय. हरले तरी त्यांना बंब पेटवायला कसं आणायचं? म्हणून ठरलं की हिवाळाभरात आण्णा जास्त वेळा हरले तर काकवीचा डबा पाठवायचा, जिंकले तर इथनं हुरडा जायचा. आतापर्यंत पाच डबे आलेत. हुरडा तरीही जातो, आत्या गप्प बसत नाहीत.

हुरड्याचं तर बोलायलाच नको. आमचं रान मालदांडीचं, पण बांधाकडच्या दोन-चार ओळी गुळभेंडी खास हुरड्यासाठी. डिसेंबर संपता संपता दाणा दुधातनं चिकात येतो आणि मग पंधरा-वीस दिवस, बस्स. त्यापुढं दाणा टणक. रानात खड्डा करून शेणी पेटवायच्या, निखाऱ्यात कणसं खोचायची आणि चटके सोसत हातावर चोळायची. आत्यांच्या हातनं चोळलेल्या हुरड्यात एक कुसळ सापडत नाही. माझ्या हातच्यात अजून सापडतं, पण आता वाटी कुणी परत करत नाही. शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, गूळ, घट्ट दही. पुण्याच्या पाहुण्यांना मामा रानात एकच गोष्ट सांगतात: "हितं ओढ्याकडंला उभं ऱ्हावा आन मग वर टेकाडाव या." पाहुणे जातात आणि खरंच चकित होतात. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरनं पाण्यासारखी खाली येते आणि ओढ्याच्या खोलगटात साचते. त्यामुळं टेकाडावर सव्वादोन असेल तर ओढ्याला अडीचच्या वर.

यावरनंच भावजींच्या थर्मामीटरचं झालं. भावजी पुण्याला एका कंपनीत आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आकड्यांचा थर्मामीटर आणला आणि सोप्यातल्या खांबाला अडकवला. पहिल्याच पहाटे त्यानं १६ दाखवलं आणि मामांच्या अंगावर सव्वादोन. भावजी म्हणाले, बघा, वाकळा चुकतात. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी थर्मामीटर काढला आणि दुसऱ्या रात्री परसात शेवग्याला टांगला. सकाळी १०. तिसऱ्या रात्री ओढ्याकडंला. ८. मग भावजींना म्हणाले, "आता ह्यातलं खरं कुटलं सांग." आमचं घर दगडमातीचं, भिंती दोन हात रुंद. दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ऊब सोडतात. खांबाजवळचा थर्मामीटर भिंतीचीच ऊब सांगत होता. तेव्हापासून तो शेवग्यावर आहे, आणि त्याचा आकडा कॅलेंडरवर पेनानं, बारीक अक्षरात, वाकळांच्या खाली लिहायचा असं ठरलं.

हे बारीक आकडे नसते तर पुढचं कधी कळलंच नसतं.

गेल्या पौषात आत्या आठ दिवस माणदेशात, त्यांच्या भावाकडं गेल्या. भाचीला मुलगा झाला होता. त्या गेल्या आणि थंडीच कमी झाली. आदल्या दिवशी अडीच होती, दुसऱ्या दिवशी पावणेदोन. मग दीड. मग पुन्हा दीड. आगटीवर सगळ्यांचे आकडे चुकायला लागले. ह्यांना चार दिवस सलग बंब पेटवावा लागला, कारण हे अडीचच्या खाली यायलाच तयार नव्हते. चांदण्या लखलखीत होत्या, वारं पडलेलं होतं. खंड्या राखेत झोपत होता. विहिरीवर वाफ होती. आणि कॅलेंडरवर दीड. मामांना सर्दी झाली, खोकला लागला, आवाज बसला. "थंडी तर न्हाय," ते म्हणायचे, "मग ही सर्दी कशानं?"

पाचव्या रात्री थोरलीनं वही काढली. शेवग्यावरचा आकडा ९, काल ९, परवा ८. मागच्या वर्षी ज्या ज्या दिवशी ९ होता त्या त्या दिवशी मामांनी सव्वादोन किंवा अडीच लिहिलं होतं. थर्मामीटर बिघडला म्हणून सेल बदलले. तरी ९. भावजी फोनवर म्हणाले, वय झालं की काहींना थंडी वाजत नाही. ते मामांनी ऐकलं आणि त्यांना फार लागलं.

थोरली आई एवढा वेळ आगटीत काडी फिरवत बसली होती. ती म्हणाली, "थंडी कुटं कमी झालीया? घालणारी गावाला गेलीया."

कुणाला काही कळलंच नाही. मग ती सांगायला लागली. तिला झोप येत नाही, तिला सगळं दिसतं. मामा झोपेत वाकळ लाथाडतात. रोज. दोन घेतलेल्या असल्या तरी मध्यरात्रीपर्यंत एक खाली पडलेली असते. आत्या तीनच्या सुमाराला म्हशीला बघायला उठतात, तेव्हा सोप्यातनं जाता जाता खाली पडलेली वाकळ उचलून अंगावर घालतात, आणि जास्त गारठा असला तर दांडीवरची तिसरीही. थंडी बघून घालतात. कधी पायावर, कधी कमरेपर्यंत, कधी डोक्यावरनं. पाचला मामांना जाग येते आणि ते मोजतात.

म्हणजे इतकी वर्षं आकडा आत्यांचा होता.

मामा त्या रात्री जास्त बोलले नाहीत. माळ्यावरनं जुनी कॅलेंडरं काढली, सुतळीनं बांधलेला गठ्ठा, आणि दिव्याखाली बसून चाळत राहिले. मी पाणी द्यायला गेले तर एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "हितं सवा हाय सात दिवस. तवा ती थोरल्याच्या येळंला दवाखान्यात हुती." ते पान ह्यांच्या जन्माच्या वर्षाचं. मला उभं राहवेना, मी आत गेले.

आत्या आल्या त्या दिवशी संध्याकाळी आगटीवर मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "किती वरसं घालतीयास वाकळ?"

"मला काय ठावं," आत्या म्हणाल्या. "तुमी लाथाडता, मी घालती. त्यात काय लिवून ठिवायचंय?"

"आगं, मी रोज लिवतुयाच की!"

यावर आत्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग मोठा खल झाला. भावजींचं म्हणणं, जुने आकडे सगळे रद्द. थोरलीचं म्हणणं, रद्द कशाला, आजी तर अंधारात उभी राहून खरी थंडी बघून वाकळ घालत होती, झोपलेल्या आजोबांपेक्षा तिचंच माप खरं. ह्यांचं म्हणणं, मी फुकट पेटवलेल्या चार बंबांचं काय? मामांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला. आकडे सगळे कायम. वाकळ घालायचं आत्यांनी चालूच ठेवायचं. पण निकाल आता त्यांच्या हातात आहे हे त्यांना कळलंय, म्हणून आगटीवर आकडा सांगायचा नाही. आत्यांना हे मुळीच पटलं नाही. "माझ्याच हातचं माप आन मलाच खेळू देत न्हाईत," असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. पुसेगावच्या यात्रेत रथ बघायला जमलेल्या त्यांच्या मैत्रिणींनाही सांगितलं, तिथनं चार गावांत झालं. यंदा दोन बायका खास वाकळा बघायला आल्या होत्या. मामांनी दांडीवरनं काढून दाखवल्या, हात लावू दिला नाही.

यंदाचा हिवाळा त्या नव्या नियमानं चाललाय. धनुर्मासात एका सकाळी सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा खाऊन झाला. त्याआधी नऊच्या नऊ आंघोळी उरकून सगळे पाटावर, हे या घरात पहिल्यांदाच झालं असं थोरली आई म्हणाली. आण्णा 'दोन'वर ठाम आहेत.

माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे. त्याला कढत पाण्याची आंघोळ फार प्रिय. गेले बारा दिवस तो रोज जिंकतोय. सव्वादोन म्हणाला की सव्वादोन, पावणेतीन म्हणाला की पावणेतीन. हे चिडलेत, थोरलीनं तीन वेळा वही तपासली. मी मात्र बघितलंय, रात्री आकडा सांगून झाला की तो आजीच्या मांडीवर डोकं ठेवून काहीतरी पुटपुटतो आणि आत्या त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणतात, "बरं, बरं."

आज आभाळात ढग आहे, थंडी अशी नाहीच. मी दीड सांगितलंय, मामांनी पावणेदोन, हे सव्वा. खंड्या अंगणात ऐसपैस पसरलाय. धाकट्यानं तीन सांगितलंय. साडेनऊ वाजलेत, आणि आत्यांनी तिसरी वाकळ आत्ताच दांडीवरनं काढून मामांच्या उशाशी नेऊन ठेवलीय.